नमुना जोडावा

बालमित्रांनो, एका जंगलात, ज्याची झाडे आता बहुतांशी नकाशावरच उरली आहेत, एक खवले मांजर राहत असे.

खवले मांजर हे मांजर नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. त्याला दात नसतात. जीभ हातभर लांब असते, तरी ते फारसे बोलत नाही. भय वाटले की ते अंगाचे वेटोळे करते आणि जग निघून जाण्याची वाट पाहते. आपल्यापैकी पुष्कळ जण हेच करतात. त्यांना खवले मात्र नसतात.

या खवले मांजराचे नाव वज्रधर. त्या जंगलात त्याच्या जमातीचे दुसरे कोणीही उरले नव्हते. आई गेल्यापासून त्याने आपल्यासारखी पाठ दुसऱ्या कोणाचीही पाहिली नव्हती. जंगलाच्या वेशीवर त्याच्या नावाचा फलक होता व त्यावर ‘दुर्मिळ प्राणी’ असे लिहिलेले होते. या शब्दातील ‘मी’ दीर्घ लिहावयाचा असतो. परंतु जिथे प्राणीच उरत नाहीत, तिथे वेलांटीची काळजी कोण घेणार?

एके दिवशी वडाच्या खोडावर एक सूचना लागली. तीन जंगलांनी मिळून ‘जीवसंवर्धनशास्त्राचा आंतरारण्यीय संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम’ सुरू केला होता. नाव जड आहे, परंतु शुद्ध आहे. पहिले सत्र खाडीकाठच्या जंगलात, दुसरे डोंगरापलीकडे, तिसरे सागरापलीकडे. पदवी एकच, तिच्यावर ठसे तीन पंजांचे. सर्वांत खाली लिहिले होते : ‘अर्जासोबत नमुना जोडावा.’

वज्रधराने अर्ज करण्याचे ठरवले. त्याच्या शेजारी एक वृद्ध साळिंदरकाकू राहत. त्यांना हे कळताच त्या काटे सावरत आल्या.

“काय रे वज्रधरा, एवढे शिकून करणार काय? मुंग्या तर आताही जिभेला चिकटतातच की.”

“काकू, जमात टिकवावी कशी, हे तिथे शिकवतात.”

“जमात टिकवायला बायको लागते, बाबा. पदवीशी संसार करणार आहेस का?”

“माझ्यासारखे कोणी कुठे उरले आहे का, हेही तिथेच कळेल.”

काकूंनी शिफारसपत्र लिहून दिले : ‘मुलगा गरीब आहे. कोणालाही टोचत नाही. टोचणे काय असते, हे मला चांगले कळते.’

पलीकडच्या बिळात नकुलराव नावाचे मुंगूस राहत असत. त्यांनीही अर्ज भरला होता. नकुलराव दिसेल त्या अभ्यासक्रमाला अर्ज करीत. त्यांना शिकण्याची नव्हे, निवड होण्याची आवड होती.

“नकुलराव, नमुना म्हणजे कसला हो?” वज्रधराने विचारले.

“ज्याचा त्याचा,” नकुलराव म्हणाले, आणि त्यांनी हातातील कागदावर शेपटी ठेवली.

वास्तविक तिथे लेखनाचा नमुना अपेक्षित होता. सूचना लिहिणाऱ्याने एक शब्द वाचवला होता. नकुलरावांनी निबंध जोडला. त्याचे शीर्षक होते ‘खवले मांजर : एक अनुपस्थिती’. लेखनाच्या काळात त्यांनी शेजारच्या बिळात एकदाही डोकावून पाहिले नव्हते. पाहिले असते, तर शीर्षक बदलावे लागले असते.

वज्रधराला वारूळ उकरताना पाठीचा एक खवला निसटलेला सापडला. त्याने तो पानात गुंडाळला आणि अर्जाला जोडला. याहून अस्सल नमुना त्याच्यापाशी नव्हता.

यथावकाश दोघांनाही मुलाखतीचे बोलावणे आले. निवड समितीचे प्रमुख रोहिताचार्य हे गुलाबी, लांब मानेचे रोहित पक्षी खाडीत उभे होते. ज्ञानदानासाठी ते सदैव एका पायावर तयार असत. निर्णय घेताना मात्र दुसरा पाय सापडत नसे.

“जंगलात राहण्याचा अनुभव?” आचार्यांनी विचारले.

“जन्मापासून तिथेच आहे, आचार्य.”

“तो अनुभव धरता येत नाही. अनुभवासाठी बाहेरून जावे लागते. बरे, आपली जमात का कमी झाली?”

“ठाऊक नाही. तेच तर शिकावयाचे आहे.”

“ठाऊक नसेल, तर शिकवणार कसे? बरे, हेतू?”

वज्रधर अडखळला. “माझ्यासारखे कोणी उरले असेल, तर ते पाहावे, असे वाटते.”

“हा तर खासगी हेतू झाला,” आचार्य म्हणाले.

वज्रधराला भय वाटले, आणि त्याने तिथल्या तिथे वेटोळे केले. समिती उठून उभी राहिली. एका सदस्याने त्याला हलकेच लोटून पाहिले. तो चिखलातून गडगडत गेला, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

“आपली निवड झाली आहे,” आचार्य म्हणाले.

वेटोळ्यातून आवाज आला, “विद्यार्थी म्हणून?”

“छे, छे. नमुना म्हणून. विद्यार्थी नकुलराव.”

वज्रधराचे मन खट्टू झाले. तथापि तो गेला. दुसरीकडे कुठे जाणार होता? पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांनी त्याचे खवले मोजले आणि प्रत्येकाची संख्या निराळी आली. वर्गाच्या बाहेर ठेवलेल्या वज्रधराला आतले शब्द कळत नसत. त्यांतले आपले नाव तेवढे ओळखू येई.

दुसऱ्या सत्रासाठी सर्व मंडळी डोंगर ओलांडून गेली. तिथे नमुन्यांसाठी एक बीळ खोदून ठेवले होते. वज्रधर आत शिरला. कोपऱ्यात एक वेटोळे होते. त्याला वाटले, हा आपलाच पुतळा असावा. इतक्यात पुतळ्याने हळूच नाक बाहेर काढले.

तिचे नाव शल्का. ती डोंगरापलीकडच्या जंगलातील एकुलती एक होती.

“तुम्हीही नमुनाच का?” वज्रधराने विचारले.

“अर्ज विद्यार्थिनी म्हणूनच केला होता,” ती म्हणाली. “पण सोबत नमुना जोडावा, असे लिहिले होते ना. मी खवला जोडला.”

वज्रधराने पाठ वळवून खवला निसटलेली जागा दाखवली. मग म्हणाला, “मीही.”

तिसऱ्या सत्राच्या अखेरीस, सागरापलीकडे, नकुलरावांनी आपला प्रबंध सादर केला : ‘खवले मांजरांची संख्या न वाढण्याची कारणे’. रोहिताचार्य मान डोलवीत होते. इतक्यात सभागृहाच्या मागच्या बाजूने शल्का चालत गेली. तिच्या शेपटीवर एक इवलेसे, मऊ खवल्यांचे पिल्लू बसले होते.

“नकुलराव, हे काय?” आचार्यांनी विचारले.

“हे प्रबंध पूर्ण झाल्यानंतरचे आहे,” नकुलराव म्हणाले.

उत्तर समाधानकारक ठरले. नकुलरावांना प्रथम श्रेणी मिळाली.

नमुना जिथून आणला तिथे परत सोडावा, असा नियम होता. पिल्लू मात्र कुठूनच आणलेले नव्हते; म्हणून मंडळी सागरापलीकडून परतल्यावर शल्काला व त्याला कोठे सोडावे, यावर समितीची बैठक सुरू झाली. ती संपण्याची वाट न पाहता शल्का वज्रधरासोबत चालू लागली.

साळिंदरकाकू वडाखाली बसल्या होत्या. त्यांनी वज्रधराला पाहिले, शल्काला पाहिले.

“पदवी मिळाली का रे?”

“नाही, काकू.”

तोवर पिल्लाने शेपटीवरून उतरून काकूंच्या एका काट्याला जीभ लावून पाहिली, आणि दचकून तिथेच वेटोळे केले.

“अगदी नमुना आहे मेला,” काकू म्हणाल्या, आणि त्यांनी आपले सारे काटे अंगाशी मिटून घेतले.

तात्पर्य : अर्ज करताना सूचना नीट समजून घ्याव्यात, असे वडीलधारी मंडळी सांगतात. वज्रधराने आणि शल्काने त्या नीट समजून घेतल्या असत्या, तर दोघांनाही पदवी मिळाली असती, नमुन्यांचे बीळ रिकामे राहिले असते आणि खवले मांजरे संपली असती.