खोतचाचांची कमिटी

इब्राहिम खोत पाणी प्यायचे ते तहान लागली म्हणून नाही, तपासणीसाठी. दर शनिवारी सकाळी ते दम्मामच्या आमच्या इंडियन स्कूलमध्ये येत, चारही कूलरचं एकेक ग्लास पाणी पीत आणि वहीत लिहीत : "दोन नंबर – खारट." चौथ्या ग्लासानंतर शाळेचे संडासही आपोआप तपासले जात.

खोतचाचा मॅनेजिंग कमिटीवर पालकांचे प्रतिनिधी होते. बिनपगारी. आपण निवडून आलो, असं ते सांगत. दुसऱ्या कुणी फॉर्मच भरला नव्हता, असं आम्ही सांगत असू. त्यांची तिन्ही मुलं दापोलीला. इथे शिकत होता तो पुतण्या, आणि तो चाचांना पाहिलं की जिना बदलायचा. एरवी ते एका कंपनीत स्टोअरकीपर. तिथे त्यांना कोणी विचारत नसे. शाळेत मात्र प्रिन्सिपॉलबाई त्यांना पाहताच उभ्या राहत. बहुधा पळण्याच्या तयारीने.

"मिनिट्समध्ये घ्या!" हे त्यांचं पालुपद. आमच्याकडे जेवायला आले आणि आमटीत मीठ कमी पडलं, तेव्हाही त्यांनी माझ्या बायकोला हेच सुनावलं.

इराकने कुवेत घेतल्यावर कमिटीची तातडीची सभा झाली. विषय, मुलांसाठी गॅस मास्क. चाचांनी पाऊण तास मागच्या सभेच्या मिनिट्समधली स्पेलिंगं दुरुस्त केली. "मास्क येतील-जातील, साहेब. रेकॉर्ड राहतं!"

जानेवारीत क्षेपणास्त्रं यायला लागली. शाळा बंद झाली, निम्मे पालक मुलाबाळांसकट देशी गेले. मी आणि बायको सरकारी हॉस्पिटलात; आमच्या रजा खलास. आमची चौथीतली मुलगी मीरा शेजाऱ्यांच्या भरवशावर घरी. तिसऱ्या दिवशी चाचा दारात उभे. त्यांच्या कंपनीनेही काम थांबवलं होतं.

"शाळा बंद, मान्य. शिक्षण बंद, असा ठराव झालेला नाही."

काचांना टेप मारलेल्या आपल्या खोलीत त्यांनी पाच पोरं जमवली. स्वतः सातवी पास. "पप्पा, अंकल टीचेस राँग इंग्लिश," मीरा रोज तक्रार करायची आणि रोज जायची. सायरन झाला की चाचा सगळ्यांना मास्क चढवून तेराचा पाढा म्हणायला लावत. तो खुराड्यात कोंडलेल्या कोंबड्यांसारखा ऐकू येई म्हणे.

लढाई संपली, शाळा उघडली, परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी आम्ही दोघंही ड्यूटीवर. संध्याकाळी चाचा मीराचं प्रगतिपुस्तक घेऊन आले. उघडलं, तर पालकाच्या सहीच्या जागी ठसठशीत मराठीत : इब्राहिम खोत.

मी भडकलो. "चाचा, कमिटीत आहात म्हणून कुठेही सही ठोकाल?"

एरवी त्यांनी मला नियम ऐकवला असता.

"चुकलं, भाऊ. बाईंनी पेन पुढे केलं, हात गेला. आमच्या पोरांच्या कार्डांवर त्यांचा मामूच सह्या करतो. थोरला मॅट्रिक झाला. मी अजून एकही कार्ड बघितलेलं नाही." मग घाईघाईने म्हणाले, "नवीन कार्ड मागून आणतो मी."

"राहू द्या," मी म्हणालो आणि त्यांच्या सहीखाली, उरलेल्या जागेत, माझी बारीक सही केली.

बायकोने चहा आणला. चाचांनी चष्मा पुसला, प्रगतिपुस्तक पहिल्या पानापासून उघडलं आणि मीराला शेजारी बसवून एकेक विषयाचे मार्क मोठ्याने वाचायला लागले. हजेरीचे दिवससुद्धा सोडले नाहीत.