पॅकिंग लावलेली कवळी

आमच्या सोसायटीतले कुलथे साहेब बोलायच्या आधी अंगठ्याने वरची कवळी दाबतात. मशीनवर लावलेला जॉब नीट बसलाय का बघावं, तसं. मग तोंड उघडतात आणि समोरच्याला रिजेक्ट करतात.

रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी खिशात फिलर गेज असतंच. फटीत घालून फट मोजायच्या त्या पातळ पट्ट्या. लिफ्टचं दार, जिमचा बाक, गणपतीचा मांडव, सगळीकडे पट्टी घालून बघणार आणि म्हणणार, "पॅकिंग लावून बसवलेलं, ते बसलेलं नव्हे." एका लग्नात नवऱ्यामुलाचा फेटा बघून हेच म्हणाले. मुलीकडचे हसले. मी हसलो नाही. हे वाक्य मी त्यांच्याकडून फार महागात ऐकलंय.

उदगीरकडून आलो तेव्हा माझ्याकडे पत्र्याची शेड आणि एक जुनं ड्रिल मशीन होतं, निघोज्याच्या अलीकडे. पहिली मोठी ऑर्डर मिळाली ती सीटखालच्या ब्रॅकेटची. भोक पाडताना जॉब धरून ठेवणारं फिक्स्चर झिजलं होतं, म्हणून खाली पातळ पत्र्याचं पॅकिंग सारलं. भोक केसभर तिरकं गेलं. कंपनीत माल तपासायला हेच कुलथे साहेब, आणि हेच वाक्य. थोडा चुकलेला माल चालवून घ्यायला कंपनीत 'डेव्हिएशन' म्हणून परवानगी असते. मी हात जोडले. ते म्हणाले, "डेव्हिएशन म्हणजे चुकीला नमस्कार. मी करत नाही." आणि सगळ्या मालावर नापासाचा लाल रंग मारला. मालाची गाडी गेटवरूनच भंगारात गेली. भंगारवाल्याशी मी घासाघीस केली नाही. आयुष्यात तेवढंच एकदा.

पुढे धंदा वाढला, फ्लॅट घेतला, तर वरच्या मजल्यावर हेच! अजूनही लिफ्टमध्ये हाक मारतात, "काय व्हेंडर?" जणू मी अजून त्यांच्या कंपनीला माल पुरवतोय. माझ्या बायकोसमोरसुद्धा.

त्यामुळे एका सकाळी बागेत त्यांना कवळीत पेस्ट भरताना पाहिलं, तेव्हा माझं पोट भरलं. कवळी चिकटवायची ती पेस्ट त्यांनी अशी थापली होती, जशी गवंडी फरशीखाली सिमेंट थापतो. दाबल्यावर दोन्ही गालांकडून बाहेर आली.

"साहेब," मी म्हणालो, "हे पॅकिंगच की!"

त्यांनी ट्यूबचं झाकण लावलं.

"कमी पडत असेल तर शेडवरनं इंजिनच्या फटी बुजवायचं गॅस्केटचं सोल्युशन आणून देऊ? त्याने इंजिन सुटत नाही, दात काय सुटतात!"

ते उठून गेले. पुढचे काही दिवस खाली आलेच नाहीत. मला वाटलं, जिंकलो. पण जिंकलेल्याला समोर हरलेला लागतो. शेवटी मीच वर गेलो, अजून दोन टोमणे घेऊन.

साहेब चहात बिस्किट बुडवून गिळत होते. शेजारी रुमाल, त्यावर रक्ताचा डाग. ट्यूब दाबून चपटी झालेली. म्हणाले, पायाला मुंग्या येतात, चालवत नाही. टोमणे तसेच राहिले. गाडी काढली आणि त्यांना पिंपरीत माझ्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तोंडात पाहिलं आणि सरळ झापलं. "पेस्ट वाईट नाही काका. पण ती धुऊन कोरड्या केलेल्या कवळीवर, दोन-तीन ठिपके, दिवसातून एकदा. रात्री कवळी काढायची, हिरड्या आणि कवळी दोन्हींवरची पेस्ट साफ करायची. तुमची हिरडी झिजलीय, कवळी ढिली झालीय, खाली जखम आहे. अशा वेळी पेस्ट लावायचीच नाही, दाखवायला यायचं. आणि या ट्यूबमध्ये जस्त आहे. रोज इतकं पोटात गेलं तर हातापायाच्या नसांना त्रास होऊ शकतो. रक्त तपासून घ्या, पाय मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

मी हळूच गॅस्केटचं विचारलं.

"कारखान्यातला कुठलाही गोंद तोंडात घालायचा नाही!" त्या माझ्यावरच ओरडल्या. मग साहेबांना म्हणाल्या, "नवी कवळी करू."

"नको," साहेब म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "जगाचा माल परत पाठवला तुम्ही! आणि स्वतःच्या तोंडातला रिजेक्ट माल सोडवत नाही?"

कवळी ट्रेमध्ये होती. दातांशिवाय त्यांचा चेहरा मुठीएवढा झाला होता. त्यांनी बोटाने समोरचा एक दात दाखवला. जरासा तिरका होता.

"पहिली केली ती सरळ होती," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "आमची ही म्हणाली, हा कोण परका माणूस घरात आणला? माझा नवरा हसला की एक दात वाकडा दिसतो. डॉक्टरशी भांडून तिने हा तिरका बसवून घेतला. आता ती नाही. नवी कोण तपासणार?"

मी बाईंकडे वळलो. मी गप्प बसणाऱ्यातला नाही. "दात हेच ठेवून आतली बाजू नवी भरता येते का? होय की नाही, तेवढं सांगा."

येत होती. आधी जखम भरायची, तोवर कवळी नाही. ते दिवस साहेबांनी तोंडावर रुमाल धरून, माझ्या घरचा मऊ भात खाऊन काढले. खोट काढलीच. मीठ जास्त.

परवा आतून भरून घेतलेली कवळी लावून खाली आले. सवयीने अंगठा वर गेला, दाबला. काही हललं नाही. मोठ्या डॉक्टरांच्या औषधाने पायाच्या मुंग्याही कमी आहेत म्हणाले.

"साहेब," मी म्हणालो, "माझं भोकही एवढंच तिरकं होतं."

"तुमच्या ब्रॅकेटवर माणूस बसणार होता, व्हेंडर."

उत्तर बरोबर होतं. म्हणून जास्त राग आला. मी उठलो, तसे ते हळूच म्हणाले, "ती असती ना, तर तिने तुमचा लॉट पास केला असता. तिला असलंच आवडायचं."

इतक्या वर्षांत त्या लॉटला कुणीतरी पास केलं. तेही अशा बाईने, जिची सही आता कुठेच मिळणार नाही.