केरबाचा बँजो, पंतांचं फिडल

एका जंगलात, बाळांनो, फळं होती, मासे होते, मध होता, आणि वाघसुद्धा बेताचाच भुकेला असायचा. तरी संध्याकाळ झाली की कुणाला करमत नसे.

त्या जंगलात केरबा नावाचं अस्वल राहत होतं. अस्वलांना एकटं राहायला आवडतं, असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. केरबानं ते पुस्तक वाचलं नव्हतं. त्यामुळे त्याला फार एकटं वाटायचं.

जंगलाच्या कडेला एक डाकबंगला होता. तिथे कुणी परदेशी पाहुणा आपली दोन वाद्यं विसरून गेला, एक बँजो आणि एक फिडल. बँजो म्हणजे आपल्या मिरवणुकीतला बटणांचा नव्हे हं. याचं पोट डफासारखं गोल आणि मान लांबलचक. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण कोट-टाय काढून अंगणात बसलेलं.

बँजो केरबानं घेतला, कारण नखं त्याच्याकडे तयारच होती. फिडल वाजवायला आधी साळिंदर आलं, मग माकड आलं, मग घुबड. चार दिवस येऊन सगळ्यांनाच एकाएकी घरची कामं निघाली. शेवटी राहिले धोंडोपंत बगळे. पंत टापटिपीचे, पांढरेशुभ्र आणि जरा शिष्ट. पण ते रोज येत. केरबा दुपारपासूनच गुहेसमोरची जागा झाडून ठेवायचा.

या वाद्यांवर जुनी गाणी वाजवायची कशी, हे बंगल्यावरच्या कुत्र्यानं पाहिलेलं होतं. त्यानं सांगितलं, "दोघांनी एकच चाल वाजवायची. पुन्हा पुन्हा, गोल गोल. कुणी पुढं पळायचं नाही, कुणी मागं राहायचं नाही. ज्याला पुरे वाटेल त्यानं एक पाय वर उचलायचा. मग दुसऱ्यानं चाल पुरी करून थांबायचं."

आता तुम्हीच सांगा, बगळा उभा कसा राहतो?

केरबा मोठ्या हौसेनं सुरू करायचा. मान वर करून बघायचा, तर पंतांचा पाय वरच. केरबा थांबायचा.

"का रे थांबलास?"

"तुमीच पाय उचलला न्हवं?"

"मी असाच उभा राहतो."

"मग वाजवताना तरी दोन्ही टेका की, पंत!"

"आमच्या घराण्यात आजवर कुणी दोन पायांवर वाजवलेलं नाही," पंत म्हणाले. घराण्यात आजवर कुणी वाजवलेलंच नव्हतं, पण ते असो.

मग केरबानं पायाकडे बघणंच सोडलं. त्यानं दुसरीच पंचाईत झाली. केरबाला आनंद झाला की त्याचा बँजो धावत सुटायचा. पंतांना आनंद झाला की ते मासा टिपायला उभे असल्यासारखे एकाच सुरावर थांबून राहायचे. आणि दोघांना आनंद एकाच वेळी व्हायचा. मग भांडण व्हायचं.

एक दिवस पंतांनी फिडलचा गज खाली ठेवला. "मोहाची फुलं गळू लागली की मेळा भरतो, त्यात आपलं वाजवणं आहे. तिथे जमलं तर जमलं. नाहीतर मी पलीकडच्या तळ्यावर राहायला जातो. कायमचा."

केरबाला त्या दिवशी मध गोड लागला नाही. पलीकडचं तळं म्हणजे दोन डोंगर ओलांडून. तिथून संध्याकाळी कोण येणार?

तो मैनाबाईंकडे गेला. मैनाबाईंची वडाखाली शिकवणी होती आणि पोरीबाळींसकट सगळं घर नकलेत तरबेज होतं.

"तुमचं चुकतं कुठे, सांगू?" मैनाबाई म्हणाल्या. "तुम्ही एकमेकांचं ऐकता. ऐकलं की चुका कळतात. चुका कळल्या की तोंडं वाकडी होतात. ही जुनी पद्धत झाली."

"मग नवी कशी?"

नवी पद्धत सोपी होती. एका कानात सावरीचा कापूस घट्ट बसवायचा. दुसऱ्या कानाच्या बाजूला खांद्यावर मैनाबाईंची एक मुलगी बसवायची. ती कानात हुबेहूब फिडलचा आवाज काढणार. पंतांच्या खांद्यावर दुसरी, ती हुबेहूब बँजोचा. दोघांनी आपापल्या घरी सराव करायचा. फी म्हणून टोपलीभर करवंदं.

काय सांगू, बाळांनो! केरबाच्या खांद्यावरचं फिडल इतकं समजूतदार होतं की तो धावला की धावायचं आणि अडखळला की थांबायचं. तिकडे पंतही खूश होते. वाटेत भेटले की दोघं एकमेकांची चौकशी करायचे. भांडायला काही उरलंच नव्हतं.

मोहाची फुलं गळू लागली आणि नदीकाठच्या खडकावर मेळा भरला. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. कानात कापूस, खांद्यावर मैना. वाजवणं सुरू झालं आणि केरबा हरखून गेला. असं सुरेख त्यांचं कधीच जमलं नव्हतं.

हरखला म्हणून त्यानं जोरात मान डोलावली. कापूस निसटून खाली पडला.

आणि केरबाला ऐकू आलं. पंत भलतीकडेच होते. चाल निराळी, ठेका निराळा. केरबा डोंगर चढत होता, तेव्हा ते निवांत नदी उतरत होते. हरणं उठून कधीच गेली होती. समोर बसलेल्यांच्या कानांतही पांढरं काही दिसत होतं. मैनाबाई वाटेवरच करवंदांच्या बदल्यात कापूस देत होत्या.

केरबानं पंतांकडे पाहिलं. पंतांचे डोळे मिटलेले होते. चोचीच्या टोकाला आसवाचा थेंब लोंबत होता. इतक्या सुखात त्यानं पंतांना कधीच पाहिलं नव्हतं. आता "थांबा, पंत" म्हटलं, की झालं. उद्या पलीकडचं तळं.

केरबा वाकला. त्यानं कापूस उचलला, नीट झटकला आणि कानात परत बसवला.

त्याचं गाणं आधी संपलं. पंतांचं अजून चालूच होतं. पंतांनी डोळे उघडले तर केरबा थांबलेला दिसू नये, म्हणून तो उगीचच तारांवरून हात फिरवत राहिला.

शेवटी पंतांनी गज खाली केला. कानातला कापूस काढला.

"केरबा," ते म्हणाले, "आज पहिल्यांदा तू शेवटपर्यंत माझ्याबरोबर होतास."

"व्हय, पंत," केरबा म्हणाला. "शेवटपत्तुर."

ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी केरबानं गुहेसमोरची जागा झाडून काढली, आणि संध्याकाळी पंत आले.

तात्पर्य : एकत्र वाजवायला कान लागतात. एकत्र राहायला कापूस पुरतो.