कुलूपबंद झोप

अनिसला झोप हवी होती. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला हा मुलगा रात्रभर गाड्यांच्या शिट्ट्यांतही गाढ झोपायचा. पण शिक्रापुरात खोली घेतल्यापासून त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. कंपनीत रातपाळी होती. मशीनवर डुलक्या काढताना सर्जेराव साहेबांनी त्याला दोनदा पकडलं होतं आणि तिसऱ्यांदा सापडलास तर घरी पाठवीन, असं बजावलं होतं.

अडचण होती ती खोल्यांच्या ओळीची. तिथे दिवसा दार लावायची रीतच नव्हती. दार लागलं म्हणजे आत कुणीतरी आजारी आहे, असं सगळे धरून चालत. पहिल्याच दिवशी अनिस दार लावून आडवा झाला आणि शेजारच्या धुरपदामावशी काढा घेऊन आल्या. मागोमाग सिंधूबाई शेंगोळी घेऊन आल्या. घरमालक पोपटराव तर डॉक्टरच घेऊन आले. तीन आठवडे हेच चाललं. माणसं इतकी चांगली होती की बिचाऱ्याला रागावताही येईना.

शेवटी त्याने मावशींना गळ घातली. "मावशी, बाहेरून कुलूप लावा. मी घरात न्हाई आसंच वाटू द्या."

मावशींनी कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली. अनिस मेल्यासारखा झोपला. दुपारी मावशींची लेक रंभा राहू गावी बाळंत झाल्याचा निरोप आला आणि मावशी होत्या तशाच एसटीत बसल्या. किल्लीही राहूला गेली.

संध्याकाळी साडेसहाला अनिसला जाग आली. सातला कंपनीची बस होती. त्याने दार वाजवलं, मग बडवलं. बाहेर गलका झाला.

"आत चोर हाय!" पोपटराव ओरडले.

"आप्पा, मी अनिस!"

"अनिस भाईर गेलाय. कुलूप दिसतंय की मला."

"पण मी आतून बोलतोय!"

"व्हय, म्हंजी शिरलायस तू आत!"

सिंधूबाई पुढे झाल्या. "खरा अनिस आसशील तर सांग, मी दिलेली शेंगोळी कशी झाली व्हती?"

"लई झ्याक!"

"हे कुनीबी सांगंल," सिंधूबाईंचे यजमान म्हणाले.

तिकडे बसचा हॉर्न वाजला. अनिसचा धीर सुटला. "खरं सांगू? मीठ लई झालं व्हतं!"



"खरा हाय," यजमान म्हणाले. "फोडा कुलूप."

कुलूप फुटेपर्यंत बस गेली होती. पोपटरावांनी आपला फुलांचा टेम्पो काढला. एकट्याला कसं पाठवायचं म्हणून अख्खी ओळ मागे चढली. कंपनीच्या गेटवर झेंडूच्या पाकळ्या झटकत पंधरा माणसं उतरली, तेव्हा वॉचमनला वाटलं मोर्चाच आला. सर्जेराव साहेब बाहेर आले.

"साह्येब, पोराची काय बी चूक न्हाई," पोपटराव म्हणाले. "दिसभर आमीच त्याला झोपू देत न्हाई. म्हून तर त्ये रोज मशीनवर झोपतंय!"

"रोज?" साहेब म्हणाले.

"आता रोज म्हंजी रोजच. त्यानंच सांगितलंय आमास्नी."

अनिसने कपाळाला हात लावला. नोकरी गेलीच होती. सामान परत दौंडला कशात न्यायचं, एवढाच विचार उरला होता. तोही करायचं त्याच्या अंगात त्राण नव्हतं.

साहेबांनी सगळ्यांना घरी पाठवलं आणि त्याला केबिनमध्ये नेलं.

"अनिस, मी पुण्यात फ्लॅट घेतला, त्याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात चार दिवस तापाने फणफणलो होतो. दार बंदच होतं. कुणी वाजवलं नाही."

अनिसने टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

"उद्यापासून दिवसपाळीला ये." साहेब थोडे घुटमळले. "आणि तुमच्या त्या ओळीत एखादी खोली रिकामी आहे का रे?"

"हाय की साहेब, माझ्या शेजारचीच," अनिसने जांभई आवरली. "फक्त झोपायला तुमाला कंपनीत यावं लागंल."