नाकेदारभाऊंचा कॉम्प्युटर

आमच्या शेजारच्या घरात कॉम्प्युटरपाशी जायचं असेल तर आधी वहीत सही करावी लागते. नाव, वेळ, कशासाठी आलात, सोबत काय आणलं. शेवटचा रकाना 'शेरा'. माझ्या नावापुढे त्या रकान्यात 'संशयास्पद' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. मी फक्त पेनड्राइव्ह घेऊन गेलो होतो, माझ्या दहावीच्या वर्गासाठी सराव प्रश्नपत्रिका छापायला.

"हा कुठून आला?" भाऊंनी विचारलं.

"शाळेतून."

"शाळेत कोनाकोनाच्या कॉम्प्युटरले लागला?"

"मले काय मालूम भाऊ?"

"मंग ठेव डब्यात."

त्या स्टीलच्या डब्यात पूर्वी पापड असायचे. आता गल्लीतले परके पेनड्राइव्ह असतात. माझाही बरेच दिवस तिथे होता. प्रश्नपत्रिका मी शेवटी हाताने लिहून काढल्या.

हे दादाजी मेश्राम. गडचिरोलीतल्या आमच्या गल्लीत त्यांना नाकेदारभाऊ म्हणतात, कारण वनरक्षकाला आमच्याकडे नाकेदारच म्हणायची पद्धत आहे आणि भाऊंनी उभं आयुष्य तीच नोकरी केली. निवृत्त झाले, खाकी कपडे ट्रंकेत गेले, पण नाका काही सुटला नाही. तो जंगलातून उठून त्यांच्या समोरच्या खोलीत येऊन बसला. आधी सागवानाच्या गाड्या अडवायचे, आता ईमेल अडवतात.

त्यांचं पेटंट वाक्य म्हणजे 'हातोडा पाहू दे.' तोडलेल्या सागाच्या ओंडक्यावर खात्याच्या हातोड्याचा ठसा उमटवलेला असतो. ठसा आहे तर लाकूड रीतसर, नाही तर चोरीचं. भाऊंच्या मते जगातल्या सगळ्या वस्तूंची विभागणी या दोनच प्रकारांत होते. 'तुमचे पार्सल अडकले आहे, येथे दाबा' असा मेसेज मला आला तेव्हा मी, गणिताचा शिक्षक, बोट उचलून दाबायच्या बेतात होतो. भाऊ कुंपणापलीकडून म्हणाले, "गुरुजी, तुमी काई मागवलं होतं काय?" मी म्हटलं, नाही. "मंग अडकलं कोनाचं?" मी बोट खाली घेतलं. माझी बायको ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते.

त्यांना स्वतःला एकदा फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत दरडावत होता की मी मोठा पोलीस अधिकारी आहे, तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, खोलीतून हलायचं नाही. भाऊंनी फोन स्पीकरवर टाकला आणि शांतपणे खुर्ची ओढली.

"तुमचा बक्कल नंबर सांगा. ठाणं कोन्तं?"

पलीकडे थोडी गडबड झाली.

"बाप्पा, मी अटक केली त पायी जाऊन केली. नाल्यातून, काट्यातून. तू घरी बसून अटक करून राह्यला? असा कामचोर अधिकारी मी पाह्यला नाई."

तोच फोन ठेवून पळाला. भाऊंनी वहीत नोंद केली: 'अनोळखी इसम. पास नाही. परत पाठवला.'

घरच्यांना मात्र या पहाऱ्याचा त्रास होता. पासवर्ड म्हणजे जंगलाच्या कक्षाचा नंबर आणि पुढे एखाद्या झाडाचं नाव, आणि तो दर महिन्याला बदलायचा. शेवंताबाई, म्हणजे भाऊंची बायको, मला म्हणाल्या, "गुरुजी, साध्या गॅसचा नंबर लावाचा म्हटलं त मले आधी जंगलात जा लागते. मागच्या महिन्यात बेहडा होता, या महिन्यात काय हाय ते हे सांगत नाई."

पण सगळ्यात मोठी करामत भामरागडची. भाऊंची मुलगी सुनीता तिकडे दवाखान्यात परिचारिका आहे. कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फायली भाऊ एका हार्ड डिस्कवर उतरवत, प्लास्टिकमध्ये गुंडाळत, डब्यात घालत आणि एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती भामरागडला पाठवत. पुढच्या महिन्यात ती डिस्क परत येई आणि दुसरी जाई. मी विचारलं, "इतक्या दूर काऊन भाऊ?" ते म्हणाले, "पावसाळ्यात तिथी रस्ता बंद, लाइन बंद, टावर बंद. सरकार पोचत नाई, त चोर कुठून पोचन?"

इतकं जपण्यासारखं त्या यंत्रात आहे तरी काय, असा गल्लीला प्रश्न होता. कोणी म्हणे पेन्शनचे कागद, कोणी म्हणे सुनीताच्या लग्नाची बोलणी. मी विचारलं की भाऊ एवढंच म्हणत, "माल हाय." मला वाटायचं, एका निवृत्त माणसाला रोज सकाळी उठून राखायला काहीतरी लागतं, तेवढंच आहे. हा माझा अंदाज किती उथळ होता, ते मला याच पावसाळ्यात कळलं.

एका दुपारी शेवंताबाई कुंपणापाशी आल्या. "गुरुजी, जरा येता काय? हे बोलून नाई राह्यले."

मी सही न करता आत गेलो. भाऊंनी हटकलं नाही. कॉम्प्युटरचा पडदा लाल झाला होता आणि त्यावर इंग्रजी मजकूर होता. तुमच्या सर्व फायली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर अमुक मुदतीत पैसे पाठवा. त्या महिन्याची डिस्क नेमकी तेव्हाच मशीनला लावलेली होती, त्यामुळे तीही गेली. मी आधी इंटरनेटची वायर उपटली. मग वही पाहिली. शेवटची नोंद भाऊंच्या रेखीव अक्षरात होती: 'पेन्शन पडताळणी पत्र. जावक क्रमांक आहे. गोल शिक्का आहे. सोडले.'

हीच ती चूक. ईमेलने आलेलं हे पत्र आमच्या गल्लीत इतर कोणाला आलं असतं तर कंटाळून त्याने उघडलंच नसतं. भाऊंना मात्र त्यात सगळं जागच्या जागी दिसलं. विषय, संदर्भ, वरचा क्रमांक, खालची 'प्रतिलिपी माहितीसाठी' अशी ओळ. पाठवणाऱ्याचा पत्ता विचित्र होता, पण ठसा बरोबर उमटला होता, आणि ठसा पाहिला की गाडी सोडायची हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं.

"हातोडाच चोराचा होता गुरुजी," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

मग त्यांनी सांगितलं. त्या यंत्रात धानोऱ्याच्या पलीकडच्या गावांतल्या लोकांचे कागद होते. जंगलातली जी जमीन ते पिढ्यान्‌पिढ्या कसत आले, ती नावावर व्हावी म्हणून वनहक्काचे दावे केलेले लोक. दावा मंजूर व्हायला जुना पुरावा लागतो, आणि या लोकांकडे जुना सरकारी कागद एकच असायचा, जंगलात शेती केली म्हणून त्यांच्यावर लिहिलेला गुन्हा. अमुक माणूस अमुक साली अमुक जागी नांगरत होता, असं खुद्द खात्याच्या माणसाने लिहून दिलेलं. त्यातले कितीतरी कागद भाऊंच्याच सहीचे होते.

"मी त्यायले गुन्हेगार म्हून लिवलं. आता तेच कामात येऊन राह्यलं," भाऊ म्हणाले. "घरी ठेवलं त वाळवी खाते, कुडाच्या भिंतीत खोसलं त पानी लागते. म्हून मी आनतो, फोटो काढतो, इथी ठेवतो."

यासाठी ते कोणाकडून काही घेत नव्हते आणि कोणाला सांगतही नव्हते. माझ्या पेनड्राइव्हवरून मला आलेला राग मी त्याच क्षणी गिळला.

यातला सगळ्यात तातडीचा कागद रैनूबाईचा होता. रैनूबाई विधवा, एकटी, दीड एकर कसणारी. तिच्या नवऱ्यावरच्या गुन्ह्याचा मूळ कागद भाऊंनी फोटो काढून परत दिला, आणि यंदाच्या उन्हाळ्यात वाळवीने त्याचा चुरा केला. सोमवारी तिची सुनावणी होती. त्या कागदावरचा क्रमांक मिळाला तर कार्यालयातली जुनी प्रत शोधता येणार होती. क्रमांक नाही तर काहीच नाही. तो आता दोनच ठिकाणी होता, या लाल पडद्यामागे आणि भामरागडच्या डिस्कवर.

मी म्हटलं, पैसे देऊन टाकू, वर्गणी काढू. भाऊ म्हणाले, "आज त्याले देल्ले, त उद्या तो दुसऱ्याच्या घरी जाते. आन माल सोडनच, हे कोनी सांगितलं?" आम्ही सायबर पोलिसांत तक्रार दिली. तिथल्या पोरीनेही हेच सांगितलं.

भामरागडचा रस्ता पुराने बंद होता. फोन एकदाच लागला, तोही तुटक. मी भाऊंच्या कानाशी लागलो, सुनीताला म्हणा, डिस्क दवाखान्याच्या कॉम्प्युटरला लाव आणि नंबर वाचून दाखव, दोन मिनिटांचं काम आहे. भाऊंनी मान हलवली. "बेटा, डिस्क कोनत्याच मशीनले लावू नको, तिथीही चोर बसला असन. हे एकच राह्यली. तशीच ठेव, रस्ता खुलला की पाठव." आणि फोन तुटला.

मी चिडलो. तोंडावरच म्हणालो की भाऊ, तुमचा नियम मोठा की बाईची जमीन? पुढचे चार दिवस ते सकाळ-संध्याकाळ बस स्टँडवर जाऊन बसत आणि येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला पाण्याचं विचारत. मी तेवढ्या वेळात त्यांच्या यंत्रातलं सगळं पुसून ते नव्याने तयार केलं. रागाच्या भरात माणूस बरंच काम करतो.

शनिवारी पूर उतरला आणि दुपारच्या एसटीने भामरागडचा डबा आला. भाऊंनी आधी डिस्कची दुसरी प्रत करायला लावली, ती बाजूला काढून ठेवली, आणि मगच फाईल उघडू दिली. कागद होता. क्रमांक स्पष्ट होता. मी भाऊंची माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही कोण जाणे, कारण ते पडद्यावरची आपली जुनी सही पाहत होते.

रविवारी रैनूबाई आली. तिची घरची भाषा गोंडी, आमची बोली ती जपून जपून बोलायची. वाचता येत नव्हतं. मी छापलेला कागद तिच्या हातात दिला. तिने तो भाऊंकडे केला आणि म्हणाली, "वाचून सांग ना भाऊ. काय काय लिवलं हाय?"

भाऊंनी चष्मा लावला. नवऱ्याचं नाव वाचलं. राखीव जंगलात नांगरणी करताना मिळून आला, असं वाचलं. मग आवाज जरा उतरला. "एक लाकडी नांगर जप्त."

"नांगराचं लिवलं हाय?" तिने विचारलं.

"हव."

"तो माया बापानं करून देल्ला होता. लग्नात. तेंदूचं लाकूड होतं. तेही लिवलं काय?"

"नाई."

"काऊन?"

भाऊंनी कागद मांडीवर ठेवला. "मी विचारलंच नाई बाई," ते म्हणाले. "तेव्हा मी कोनाले काई विचारत नव्हतो. लिवत होतो."

शेवंताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मान फिरवली.

"चुकलं मायं," भाऊ म्हणाले.

रैनूबाईने त्यांच्या मांडीवरचा कागद उचलला. मग सहीवर बोट ठेवून म्हणाली, "हे तुयं नाव होय ना? उद्या तिथी साहेब विचारनार, हे कोनाची सही. मी काय सांगू?"

"तू काई नोको सांगू," भाऊ म्हणाले. "मी येतो संगं."

सोमवारी पहिल्या बसने ते दोघं सुनावणीला गेले. भाऊंनी पांढरा सदरा घातला होता, आणि कागद त्यांनी रैनूबाईच्याच हातात राहू दिला होता.