जुना गट

गणिताच्या सरांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या केल्या, स्वतःच्या हाताने डबा हलवला आणि सातवीच्या निम्म्या वर्गाला मुद्दाम जुन्याच पद्धतीने शिकवायचं ठरवलं. त्या निम्म्या वर्गात त्यांची मुलगी निघाली.

सरांचा हेतू वाईट नव्हता. वाईट हेतूने माणूस एवढे कष्ट घेत नाही. प्रशिक्षणाहून ते एक पद्धत शिकून आले होते: धडा पुन्हा पुन्हा वाचत बसायचं नाही, पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते सांगायचं. पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना लागू पडते म्हणे. मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आधी पुरावा आणा सर. मागे तुम्हीच मुलांना गोल करून बसवलं होतं. निम्म्यांची फळ्याकडे पाठ."

म्हणून हा प्रयोग. नव्या गटाला नवी पद्धत. जुन्या गटाने फळ्यावरचं उतरवायचं आणि वाचायचं. सहामाहीला गुण ताडून पाहायचे.

"अहो, पोरीची चिठ्ठी बदला की," चित्रकलेचे सर म्हणाले. "कोण बघतंय?"

"विज्ञान बघतंय," गणिताचे सर म्हणाले. शिक्षकांच्या खोलीत बऱ्याच जणांना चहाचा ठसका लागला.

घरी रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बापलेकीची बैठक बसायची. दिवसातला तेवढाच वेळ ती दोघं एकमेकांवर वैतागत नसत.

"बाबा, अपूर्णांकाने भागताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?"

उत्तर सरांच्या जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"पुस्तकात आहे. वाच."

"वाचलं. उलटा करा, एवढंच आहे. का ते नाहीये."

"मग तेवढंच वाच. तू जुन्या गटातली. मी घरी सांगितलं तर प्रयोग बाटेल."

मुलीची आई इस्पितळात नर्स होती. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आमच्याकडे नव्या औषधाचा प्रयोग असला की पेशंटची सही घेतात. हिची घेतलीत?"

"ती काय पेशंट आहे?"

"तोंड बघा तिचं, म्हणजे कळेल."

"पण बाबा..."

"गणितापुरता मी तुझा बाबा नाही. सर."

"बरं, सर," मुलगी म्हणाली, आणि वही उचलून आतल्या खोलीत गेली. मग ते गणितापुरतं राहिलं नाही. 'सर, पाणी आणू?', 'सर, आई बोलावतेय.' सरांना वाटलं, चार दिवसांचा राग आहे.

तिकडे शाळेत नवा गट पुस्तक मिटून मोठ्याने सांगायचा आणि जुन्या गटाच्या कानावर फुकटच पडायचं. म्हणून सरांनी जुन्या गटाला वाचायला ग्रंथालयात धाडलं. म्हणून पालक आले.

"आमच्या पोरालाच शिळं का?"

"माझी मुलगीसुद्धा त्याच गटात आहे," सर म्हणाले.

"तो तुमचा घरचा प्रश्न आहे हो!"

सहामाहीचा निकाल लागला. जुना गट चांगलाच पुढे होता. सरांनी बेरीज पुन्हा केली, तरी तो पुढेच. बाईंनी मुलीला शिक्षकांच्या खोलीत बोलावून घेतलं.

"काय गं, ग्रंथालयात काय करत होतात?"

"वाचून कळेना. सर सांगेनात. मग मी मधल्या सुट्टीत नव्या गटातल्या मैत्रिणीला गाठायचे, ती पुस्तक मिटून सगळं सांगायची. ग्रंथालयात मग मी बाकीच्यांना सांगायचे. मी अडले की ते हसायचे, म्हणून न अडता सांगायला शिकले. पुढेपुढे सगळेच एकमेकांना सांगायला लागले."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे पुरावा असा, सर, की तुम्ही नसलात की मुलं जास्त शिकतात."

"असा निष्कर्ष काढता येत नाही बाई, त्याला..."

"पहिलीपासून दहावीपर्यंत लागू करता येईल का, तेवढं बोला."

"माझी तयारी आहे," चित्रकलेचे सर म्हणाले.

त्या संध्याकाळी सर घरी येताना सुतळीचा गुंडा घेऊन आले. टेबलावर त्यांनी तीन मीटर मोजून सुतळी पसरली, कात्री ठेवली आणि हाक मारली.

"ये गं. प्रयोग संपला. उलटा का करायचा ते दाखवतो. तिनाला अर्ध्याने भागायचं म्हणजे ह्यातून अर्ध्या मीटरचे तुकडे किती निघतील ते..."

"सहा," मुलगी दारातूनच म्हणाली. "एकेका मीटरमधून दोन निघतात, म्हणून दोनाने गुणायचं. मैत्रिणीने बिस्किटं मोडून दाखवलं होतं. मग आम्ही ती खाल्ली."

"हो का? मग दुसरं काही अडलंय?"

ती खरोखर विचारात पडली. रागावलेली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

"नाही सर. काहीच नाही."

आतून तिचा फोनवर कुणाला तरी समजावतानाचा आवाज येऊ लागला. ती छान समजावत होती. मध्येच थांबून प्रश्न विचारत होती, उत्तराची वाट पाहत होती. सरांनी डोळे मिटले आणि आपल्याला शेवटचं 'बाबा' कधी ऐकू आलं ते आठवून पाहिलं. पद्धत चांगली होती. लगेच आठवलं.

बायको ताटं घेऊन बाहेर आली. "सुतळी उचला आता. जेवायला बसू."

"थांब जरा. तिला एखादं गणित अडेल."

बायकोने सुतळी बाजूला सरकवून त्यांच्यापुढे ताट ठेवलं.

"अडलं तरी इकडे नाही येणार ती," ती हळूच म्हणाली. "आता जुन्या गटात तुम्ही."