व्याह्यांचं घोडदळ

"तीनशे घोडेस्वार! बावीस मिनिटांत तीनशे! अगं, घोडे आहेत की मुंग्या?"

निवृत्त मोजणीदार खुर्चीतून ताडकन उठले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांचा किल्ला धडाधडा जळत होता.

मटार सोलता सोलता बायकोने मान वर केली. "आज पण हरलात?"

"हरलो नाही. मला हरवण्यात आलं."

चौतीस वर्षं साखळी आणि टेप घेऊन उन्हातान्हात जमिनी मोजलेला माणूस. सगळ्या नोकरीत कुणाची वीतभर जागा इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. निवृत्तीनंतर ते घरातल्या भांड्यांची उंची मोजायला लागले, तेव्हा सुनेने घाबरून त्यांना हा खेळ लावून दिला. राजेरजवाड्यांच्या काळातला. लाकूड तोडायचं, धान्य पिकवायचं, किल्ला बांधायचा, फौज उभी करायची आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. समोरचा म्हणजे सुनेचे वडील, मोजणीदारांचे व्याही. ते चार गल्ल्या पलीकडे आपल्या घरी बसून खेळायचे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला शांत माणूस. रोज संध्याकाळी पाचला लढाई सुरू व्हायची आणि सलग सव्वीस संध्याकाळी व्याहीच जिंकले होते.

त्या दिवशी मोजणीदारांनी आलेखाचा कागद काढला. एक शेतकरी शेतातून कोठारात दहा पोती आणतो, त्याला अठरा सेकंद लागतात. व्याह्यांचे शेतकरी चाळीस. दोन्ही बाजूंनी गुणून झालं, भागून झालं. उत्तर एकच येत होतं. व्याह्यांकडे जितकं धान्य असायला हवं, त्याच्या दुप्पट होतं.

"हा माणूस लबाडी करतोय."

"बाबा, काहीतरीच काय!" सून म्हणाली. "गिऱ्हाइकाचं घड्याळ चुकून दोन मिनिटं पुढे लावलं गेलं, तर पप्पा त्याच्या घरी जाऊन सांगून येतात."

"घड्याळात असेल प्रामाणिक. घोड्यांत नाही!"

इंटरनेटवर शोधाशोध केल्यावर त्यांच्या हाती सगळं घबाडच लागलं. या खेळात म्हणे चीट कोड असतात. ठरावीक शब्द टाइप केले की धान्य, लाकूड, फौज, हवं ते आयतं मिळतं. आणि हे शब्द खेळ बनवणाऱ्यांनीच ठेवलेले! मोजणीदारांच्या मस्तकाची शीर तडतडली.

"म्हणजे मीच हद्द आखून द्यायची आणि मीच कानात सांगायचं, लोक झोपले की दगड सरकवा! काय माणसं आहेत!"

त्यांनी आठवडाभर तरी खेळायचं नाही असं ठरवलं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी मोडलं. काट्यानेच काटा निघतो असं स्वतःला सांगत ते झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि कोडची यादी छापून घेतली. दोन पानं निघाली. दुसऱ्या पानावर नुसत्या बारीक अक्षरातल्या सूचना होत्या, म्हणून ते दुकानातच ठेवून आले.

कोड म्हणजे साधी इंग्रजी वाक्यं होती. बनवणारे थट्टेखोर असावेत. 'मी उपाशी आहे' असं लिहिलं की हजार पोती धान्य. 'माझी चूल विझली' म्हटलं की लाकूड. आणि 'मला इथून सोडवा' लिहिलं की शंभर घोडेस्वार थेट दारात. एंटरचं बटण दाबायचं, छोटी चौकट उघडते, त्यात वाक्य टाइप करायचं, पुन्हा एंटर.

पाच वाजले. मोजणीदारांनी एंटर दाबलं आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मी उपाशी आहे'. एंटर.

एक पोतं आलं नाही.

स्पेलिंग चुकलं असेल म्हणून पुन्हा लिहिलं. मग मोठ्या अक्षरांत. मग चूल विझवून पाहिली, तीही तीनदा. मग दात-ओठ खात 'मला इथून सोडवा', 'मला इथून सोडवा', 'मला इथून सोडवा'. फौज काही येईना. पण एक गोष्ट मात्र घडली. किल्ल्याच्या वेशीपर्यंत आलेलं व्याह्यांचं घोडदळ जागच्या जागी थबकलं.

"टरकला!" मोजणीदारांनी मांडीवर थाप मारली.

इतक्यात सून फोन कानाला लावून आत आली. तिचा चेहरा उतरला होता. "बाबा, तुम्ही दुपारी जेवलात ना?"

"जेवलो की. का?"

"पप्पा विचारतायत."

"त्यांना काय करायच्यात पंचायती? लढा म्हणावं!" असं म्हणून त्यांनी चौदाव्यांदा आपण उपाशी असल्याचं जाहीर केलं.

वीस मिनिटांनी दारावरची बेल वाजली. दारात व्याही धापा टाकत उभे. काखेत ब्लँकेट. मागे विहीणबाई, हातात चार पुडांचा डबा.

"आधी चार घास खाऊन घ्या," विहीणबाई थेट मोजणीदारांना म्हणाल्या. "मग काय ते बोलू."

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "म्हणजे? आमच्याकडे चूल पेटत नाही की काय?"

"तेच तर," व्याही खालच्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी फोन पुढे केला. आपल्या पडद्याचा फोटो काढून आणला होता. बायकोने तो डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचला. सगळा वाचला. चौदाच्या चौदा वेळा नवरा उपाशी होता, तीनदा चूल विझली होती, आणि शेवटी, "मला इथून सोडवा."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, मी तीनदा विचारलं होतं, अजून वाढू का म्हणून."

बायकोने फोन व्याह्यांना परत दिला आणि पदर कमरेला खोचला. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. ती पदर खोचते तेव्हा काय होतं, हे मोजणीदारांना पक्कं ठाऊक होतं.

"ते... मी नाही म्हणालो," ते चाचरले. "ते चीट कोड आहेत. धान्याचे."

"दोघं खेळत असले की ते चालत नाहीत हो," व्याही म्हणाले. "तेव्हा ती चौकट नुसती एकमेकांशी बोलायची. यादीच्या खाली लिहिलेलं असतं."

"म्हणजे यांनी लबाडी केली," बायकोने निकाल दिला.

"मी?" मोजणीदारांचा बांध फुटला. त्यांनी आलेखाचा कागद टेबलावर आपटला. "सुरुवात यांनी केली! यांचं धान्य दुप्पट कसं? सांगा ना! मोजणीत एका पोत्याची चूक काढून दाखवा!"

व्याह्यांनी कागद घेतला. घड्याळाच्या पोटात बघावं तसा बराच वेळ निरखला.

"चूक नाही," ते म्हणाले. "अगदी अचूक आहे. यातलं निम्मं आमचं. आणि निम्मं तुम्ही पाठवता ते."

"मी पाठवतो?"

"पहिल्या दिवसापासून. ते पोत्याचं चित्र आणि बाण असलेलं बटण दाबता ना तुम्ही सारखं? दाबलं की तुमचं धान्य आमच्याकडे येतं."

मोजणीदार खाली बसले. त्या बटणाने धान्य कोठारात कुलूपबंद होतं, अशी त्यांची महिनाभर समजूत होती. चोरी होऊ नये म्हणून ते दर दोन मिनिटांनी दाबत होते.

"मी हिला म्हटलंसुद्धा," व्याही संकोचून म्हणाले, "माणूस किती दिलदार! लढाई ऐन रंगात आणि हा शत्रूला जेवू घालतोय."

"मग नको म्हणायचं नाही? परत पाठवायचं नाही?"

"लेकीच्या सासरहून आलेलं परत कसं पाठवायचं? बरं दिसतं का ते?"

मोजणीदारांनी आलेखाचा कागद घडी करून खिशात टाकला. डबा उघडला गेला. संतापाने भूक लागते की काय कोण जाणे, पण ते चारही पुडांतलं इतकं मन लावून जेवले की विहीणबाईंनी व्याह्यांकडे सूचकपणे पाहिलं. ते पाहणं बायकोने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पाचला मोजणीदार आले, तर खुर्चीत बायको बसलेली. पलीकडे विहीणबाई बसणार, हे दोघींचं फोनवर आधीच ठरलं होतं.

"अगं, तुला येतं का हे?"

"महिनाभर पाठीमागे बसून मटार सोलतेय. न यायला काय झालं?"

तिने एंटर दाबलं आणि एका बोटाने, शांतपणे, एकही स्पेलिंग न चुकवता लिहिलं, 'ह्यांचं जेवण झालं आहे. पोटभर. आता घोडे पाठवा.'

मोजणीदार मदतीला पुढे वाकले.

"तुम्ही," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "हात मागे बांधून उभे राहा."